स्किमरच्या खाली पाच इंच

पोहायचा पूल हिवाळ्यासाठी बंद करायचा म्हणजे त्यातलं पाणी काढून टाकायचं नाही. हे एक वाक्य गेल्या एकोणीस वर्षांत मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन. तरी दर सप्टेंबरला कुणीतरी फोन करून मोठ्या कौतुकाने सांगायचंच, "मावशी, तुम्ही येईपर्यंत आम्ही रिकामा करायला घेतलाय, तुमचं काम वाचेल." मग हातातला चहा तसाच ठेवून मी धावायची.

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणी ना कोणी गाड्यांच्या कंपनीतल्या नाहीतर सॉफ्टवेअरमधल्या नोकरीबद्दल लिहितं. यंदा मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या कामात काय आहे लिहिण्यासारखं, लोकांच्या मागच्या अंगणात जाऊन पाणी ढवळायचं. पण एक गोष्ट दीड वर्षापासून डोक्यात अडकून बसली आहे आणि तिचा निकाल माझा मला लागत नाही. ती लिहिते. तुम्हाला लागला तर सांगा.

आधी माझं थोडं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पाना कसा धरायचा ते दुकानात शिकले आणि पीएच म्हणजे काय ते कॉलेजात. या दोन्ही गोष्टी एकत्र लागतील असा धंदा मला इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये सापडेल हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. लग्न होऊन आले, सुधीर कंपनीत जायचा, मला ग्रीन कार्ड येईपर्यंत कामाची परवानगी नव्हती. ते आल्यावर पूलचं सामान विकणाऱ्या एका दुकानात लागले. लोक बाटलीतून पूलचं पाणी आणायचे, मी ते तपासून कुठलं रसायन किती घालायचं ते सांगायची. चार वर्षांनी मालकाला म्हटलं, हे सगळं मी त्यांच्या घरी जाऊनच करते. आणि करायला लागले.

मी फक्त जमिनीवरचे पूल घेते. खड्डा खणून बांधलेले श्रीमंती पूल नाहीत. पत्र्याची गोल भिंत, साधारण चार फूट उंच, आत प्लास्टिकचं अस्तर, त्याला लायनर म्हणतात. भिंतीत वरच्या बाजूला एक खिडकीसारखं तोंड असतं, तो स्किमर. तिथून पाणी आत ओढलं जातं, पंपातून आणि फिल्टरमधून फिरून दुसऱ्या तोंडातून परत येतं. इथला हिवाळा तुम्हाला माहीत आहे. पाणी गोठतं आणि गोठताना फुगतं. ते फुगणं कुठे जाणार याची आधी सोय करून ठेवायची, एवढंच माझं काम. पाणी साफ करायचं, रसायनांचा डोस द्यायचा, मग पाणी स्किमरच्या तोंडाखाली पाच इंच उतरवायचं, म्हणजे स्किमरच्या प्लास्टिकच्या डब्यात बर्फ होणार नाही. नळ्या काढायच्या, दोन्ही भोकांना रबरी बुचं मारायची, पंप गॅरेजमध्ये. मध्यभागी हवा भरलेला मोठा फुगा तरंगत सोडायचा, म्हणजे बर्फ भिंतीवर रेटण्याऐवजी फुग्याला दाबेल. वर कव्हर, आणि कव्हरच्या कडेतून ओवलेली तार भिंतीभोवती आवळायची. संपलं. पाणी मात्र आत हवंच. रिकाम्या पूलचा पत्रा वाऱ्याने डब्यासारखा चेपतो आणि लायनर आकसून फाटतो.

गिऱ्हाईकं एकेक होती. एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांना कव्हर घालायच्या आधी पूलजवळ पाच मिनिटं एकटं बसायचं असायचं, तोवर मी गाडीत थांबायची. एका पुणेकर कुटुंबाने विचारलं की हे गोठल्यावर मुलांना त्यावर स्केटिंग करता येईल का. म्हटलं, येईल, पण मग मला परत बोलावू नका, फायर ब्रिगेडला बोलवा.

या सगळ्यांची नोंद मी कधी वहीत ठेवली नाही. कुणाचा पूल किती फुटी, कुणाच्या लायनरला कुठे ठिगळ आहे, सगळं डोक्यात. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. सुधीर म्हणायचा लिहून ठेव, मी म्हणायची ज्यांना आठवत नाही ते लिहितात.

मंदार आमच्याकडे येतो-जातो त्यातला, चाळिशीचा, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. तोही त्याच्या घरातला पहिला इंजिनिअर, म्हणून मला जरा जास्त जवळचा. ही गोष्ट घडली त्या वर्षी त्याचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन होते, बत्तीस वर्षं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ज्या गावात पाणी आठवड्यातून एकदा येतं तिथे कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ती चावी ज्याच्या हातात असते तो वॉल्व्हमन. आमदाराला लोक नमस्कार करतील न करतील, याला करतात.

मी पूल बंद करायला गेले ती सप्टेंबरची अखेर. मंदार आत मीटिंगमध्ये, सून केतकी कामावर. काका, म्हणजे मंदारचे वडील, अंगणात खुर्ची टाकून बसले होते, माझं काम बघत. मध्येच उठून त्यांनी कव्हरची तार हातात घेऊन बघितली, आवळायचं यंत्र फिरवून बघितलं आणि म्हणाले, चांगली युक्ती आहे. पाणी गवतावर सोडलेलं त्यांना बघवत नव्हतं हे दिसत होतं, पण बोलले नाहीत. एवढंच विचारलं की हे आता कधी उघडणार. मी म्हटलं, मे महिन्यात. आणि निघताना, मंदार फोनवरच होता म्हणून, काकांनाच निरोप दिला की अंगणातला नळ आता बंद करायला सांगा, एप्रिलपर्यंत उघडायचा नाही. सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगते मी ते. पाइप फुटतात.

त्यानंतर त्याच दिवशी मी आणखी एक पूल बंद केला. हे पुढे महत्त्वाचं झालं म्हणून सांगते.

मार्चमध्ये मंदारचा फोन आला, काका तोवर गावी परतले होते. बर्फ वितळतंय आणि पूलच्या एका बाजूने पाणी येतंय. मी गेले, कव्हरवरचं पाणी आधी उपसलं, मग कडेने तार सैल करून कव्हर उचललं. आत बर्फाची मोठी चकती तरंगत होती. तिची कड स्किमरच्या तोंडाच्या वरपर्यंत होती. पाच इंच खाली नाही, वर. स्किमरच्या डब्यात बर्फाचा ठोकळा बसला होता आणि डबा खालपासून वरपर्यंत उभा तडकला होता. त्याच्याभोवतीचा पत्रा बाहेर आला होता, लायनर फाटला होता.

पहिल्यांदा मी कव्हर बघितलं. भोक असेल, पाऊस आत गेला असेल. पूर्ण कव्हर अंगणात पसरून उन्हाकडे धरून इंच इंच बघितलं. कुठेही भोक नाही. बुचं बघितली, ती माझीच, घट्ट. मग पाणी वर कसं?

मंदार शेजारी उभा होता. तो काही वाईट बोलला नाही. म्हणाला, "होतं मावशी असं. त्या दिवशी तुम्हाला दोन होते ना? एकाचं उतरवलं असेल, दुसऱ्याचं राहिलं असेल. इट्स ओके."

तो ओरडला असता तर मी भांडले असते. समजुतीने बोलला, आणि मला भांडता येईना, कारण तो म्हणतो ते झालं नाही असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते. मला गवतावर सोडलेलं पाणी आठवत होतं. पण ते पाणी त्याच अंगणातलं की दुसऱ्या पूलचं? घरी येऊन विचार केला, पाणी न उतरवता स्किमरची नळी काढली असती तर मी कमरेपासून खाली भिजले असते. मग त्या दिवशी मी भिजले होते का? भिजले असेन. या कामात रोजच भिजते मी. मग आठवायला लागले की काका काही बोलले होते पाण्याबद्दल, की त्यांनी फक्त बघितलं होतं? जितकं आठवायला जावं तितकं ते बदलत जायचं. शेवटी शेवटी मला ते अंगणच दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसायला लागलं.

माझी आई शेवटची सहा वर्षं मला ओळखत नव्हती. हे इथे कुणाला फारसं माहीत नाही. फोनवर ती मला माझ्या मावशीचं नाव घेऊन हाक मारायची आणि मी हो म्हणायची. तिचं सुरू झालं तेव्हा ती साधारण माझ्याच वयाची होती. सुरुवात गॅसने झाली होती. दूध ठेवायची आणि जाऊन झोपायची, आणि विचारलं की म्हणायची मी गॅस बंद केला होता, मला स्पष्ट आठवतंय. स्पष्ट आठवतंय, हेच शब्द.

मी सुधीरला काही बोलले नाही आणि डॉक्टरकडे गेले. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. वजाबाकी फर्स्ट क्लास. पाचपैकी चार शब्द सांगितले, पाचवा गाडीत बसल्यावर आठवला. डॉक्टर म्हणाल्या, वयाच्या मानाने ठीक आहे. वयाच्या मानाने ठीक म्हणजे ठीक की नाही, ते मी विचारलं नाही.

दुरुस्ती मी स्वतः करून देणार होते. मंदारने दुसऱ्या कंपनीला बोलावलं. नवा स्किमर, नवा लायनर, दोन दिवसांत काम संपलं. मेमध्ये मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की पूल उघडायला कोण चांगलं. मंदारने लिहिलं की आम्ही मावशींकडून करून घ्यायचो, खूप छान करतात, पण आता त्या काम कमी करताहेत. खाली चार जणांनी हात जोडलेली चिन्हं टाकली, जणू मी गेलेच आहे. मी काम कमी करत नव्हते. पण ते वाचल्यावर मी उत्तरही दिलं नाही. वाटलं, त्याचं बरोबर असेल तर? मी कुणाच्या पूलमध्ये रसायनं दोनदा घातली आणि त्यात मुलं उतरली तर? त्या उन्हाळ्यात जे फोन आले त्यांना मीच नाही म्हणाले. सुधीरला वाटलं गुडघे दुखताहेत. मी वाटू दिलं.

जुलैमध्ये केतकीला दुसरी मुलगी झाली आणि काका पुन्हा आले. मी बाळंतविडा घेऊन गेले. केतकी बाळाला घेऊन आत होती, मंदार काहीतरी आणायला दुकानात गेला होता, काका अंगणात पूलजवळ. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. शेजारी खुर्ची ओढली, गावाकडचं सांगितलं, यंदा पाणी दहा दिवसांआड आहे वगैरे. मग पूलच्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "मागच्या टायमाला भरून ठेवली होती बघा तुमची टाकी. काठोकाठ."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुठली टाकी.

"ही. तुम्हीच म्हणालात ना ताई, एप्रिलपर्यंत नळ बंद. सात महिने पाणी नाही म्हटल्यावर मी कसा बसेन? दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेले, तार सैल केली, नळी घातली आत. तीन तास लागले. फोर्स चांगला आहे इथं. मग तार परत आवळली, होती तशी. मंदारला म्हटलं आता कर नळ बंद."

लहानपणी आमच्याकडेही पाणी येणार त्या दिवशी आई घरातली वाटीसुद्धा रिकामी ठेवायची नाही. पाणी जाणार म्हटलं की भरून ठेवायचं, यापलीकडे विचार नसतो. काकांनी तर बत्तीस वर्षं गावाला तेच सांगितलं होतं, आज भरून ठेवा, उद्या नाही.

मी काय करावं? हसू येत होतं, रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग त्यांचा की माझा ते समजत नव्हतं. माझं डोकं ठीक होतं. चार महिने मी घड्याळं काढत बसले होते आणि माझं डोकं ठीक होतं. आणि त्याच वेळी दिसत होतं की निरोप मीच दिला होता. नळ बंद करा म्हणाले, का ते सांगितलं नाही. मंदार समोर असता तर सांगितलं असतं. यांना काय सांगायचं, निरोप पोचवतील, असं मनात आलं असणार. ज्या माणसाने अख्ख्या गावाचं पाणी सांभाळलं त्याला.

मी गप्प बसायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. मी बसले नाही. स्वभाव नाही माझा. मी त्यांना सगळं सांगितलं. पाणी गोठताना फुगतं, म्हणून पाच इंच उतरवतात, म्हणून नळ बंद करतात. त्यांच्या गावात पाणी कधी गोठलेलंच नाही, पण पाइप म्हटल्यावर त्यांना पूर्ण सांगावं लागलं नाही. ते नव्या स्किमरकडे बघत राहिले. तो जुन्यापेक्षा जास्त पांढरा होता.

"म्हणजे हे फुटलं ते माझ्यामुळं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"मंदारला ठाऊक आहे?"

"त्याला वाटतं मी पाणी उतरवायचं विसरले."

"सगळ्यांना तेच वाटतं?"

मंदारची गाडी आली तेव्हा ते उठून समोर गेले. मी म्हटलं, काका राहू द्या आत्ता. ते थांबले नाहीत. गॅरेजच्या दारात उभं राहून त्यांनी मुलाला सांगितलं. मला शब्द ऐकू येत नव्हते, मंदारचा चेहरा दिसत होता. दोन्ही हातांत डायपरचे खोके होते आणि ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, आय ॲम सो सॉरी. रिअली." आणि वळून वडिलांना, "बाबा, विचारायचं ना यार एकदा. प्रत्येक गोष्टीला हात कशाला लावायचा?"

एवढंच. फार ओरडला नाही. त्याने त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं की गैरसमज झाला होता, मावशी काम करतात आणि उत्तम करतात. माझी बरीच गिऱ्हाईकं परत आली. सुधीरला मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचंही, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मग एक वही आणून दिली. मी तीत लिहिते आता. माझं नाव मला परत मिळालं, आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. पाचवा शब्द मला गाडीत आठवला होता, ही गोष्ट काकांच्या कबुलीने बदलली नव्हती.

आणि काका. केतकीने मला सहज सांगितलं, ती कौतुकानेच सांगत होती, की बाबा आता एकदम शहाण्यासारखे राहतात. हात धुवायचा नळ गरम की थंड तेही विचारून उघडतात. डिशवॉशरला हात लावत नाहीत. पूर्वी अंगणातल्या रोपांना पाणी घालायचे, आता म्हणतात मंदार आल्यावर घालेल.

सप्टेंबरमध्ये मंदारने पूल बंद करायला मलाच बोलावलं. काका ऑक्टोबरात परत जाणार होते, म्हणून मी मुद्दाम लवकरची तारीख घेतली. ते खुर्चीवर बसले होते, हात मागे घेऊन. मी सगळं मोठ्याने बोलत केलं, प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत, एवढं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते ऐकत होते, मान हलवत होते. पाणी उतरवायला नळी लावली आणि मी त्यांना हाक मारली. म्हटलं, काका, या इकडे, बघा कुठपर्यंत उतरवायचं, तुम्ही सांगा, मी तिथे थांबवते.

ते उठून भिंतीपर्यंत आले, आत वाकून बघितलं. त्यांना पातळी माझ्याइतकीच कळली असणार, जास्तच. पण हात त्यांनी मागेच ठेवले.

"तुम्ही शिकलेल्या आहात ताई," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तिथं."

मी नळीकडे वळले. गवतावर पाणी पसरत होतं आणि पाच इंच कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही. परत वाकून, पट्टी लावून बघावं लागलं.